एक रात्र काळूच्या काठी

वाचकहो, आपल्या घरातील सत्तरी ओलांडलेले माणूस एखाद्या संध्याकाळी म्हणाले, ‘मला एक रात्र नदीकाठी एकट्याने काढायची आहे,’ तर आपण काय उत्तर द्याल?

माझ्या मुलाने ‘बाबा, नको’ असे उत्तर दिले. त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. गेल्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरून मी पडलो होतो. हाड मोडले नाही. पण त्या दिवसापासून माझ्यामागे सतत कोणाचे तरी पाऊल वाजू लागले. गॅलरीत उभा राहिलो तरी सूनबाई डोकावून जाई. या मायेचे मोल मी जाणतो. तरीही ज्याला घटकाभर एकटे सोडले जात नाही, त्याचा स्वतःवरचा विश्वास हळूहळू ओसरतो, हेही मी अनुभवत होतो.

तोडगा माझ्या जुन्या आगरी मित्राने काढला. टिटवाळ्याजवळ काळू नदीच्या काठी त्याचे शेत आहे. आम्हा डोंबिवलीकरांना टिटवाळा अवघे पाचवे स्थानक. काळू पुढे उल्हासला मिळते आणि ते पाणी कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याजवळून खाडीकडे जाते. ठरले ते असे : तंबू काठापासून दूर, उंचवट्यावर, मित्राचे घर शंभर पावलांवर, मुलगा त्याच्या ओटीवर निजेल. रात्री मी उठलो की विजेरी एकदा लावायची, त्याने ओटीवरून उत्तर द्यायचे. याखेरीज कोणी तंबूकडे फिरकायचे नाही.

महिना पौषाचा होता. पावसाळ्यात हा बेत कोणी मनातही आणू नये. २०१९च्या जुलैत उल्हासच्या पुराने वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकून पडली होती, हे आपणांस आठवत असेल.

दुपार कलल्यावर गळ टाकून बसलो. गांडूळ अडकवताना बोटे थरथरली, मित्राने पाहून न पाहिल्यासारखे केले. दोन तासांत वीतभर लांबीचा एकच मासा लागला. तो मी पाण्यात सोडून दिला. मासेमारीत हाताला मासा येवो न येवो, नजर एका जागी स्थिरावते आणि श्वास आपोआप संथ होतो.

सायंकाळी अंगणात शेकोटीभोवती मंडळी जमली. तांदळाची भाकरी आणि वालाची भाजी झाली. मग मित्राच्या वृद्ध चुलतबहिणीने धवले म्हटले. आगरी लग्नात मांडवापासून हळदीपर्यंतचे विधी धवलारीण या गीतांनी पार पाडते. ही गीते एका पिढीच्या कंठातून दुसरीच्या कंठात उतरत आली आहेत. त्या माउलीला सकाळचे जेवण आठवत नाही, असे घरचे सांगतात. गीतातले एकही कडवे मात्र ती विसरली नाही.

साडेनऊला मी तंबूत शिरलो. जमिनीवरून उठताना गुडघे त्रास देतात, म्हणून आत बाज टाकली होती. रात्री दोनच्या सुमारास जाग आली. झटकन उठलो असतो तर तोल गेला असता. डॉक्टरांनी बजावल्याप्रमाणे पाय खाली सोडून दोन मिनिटे बसलो. नदीवर धुके उतरले होते. कित्येक महिन्यांनी आपला एकट्याचा श्वास मला ऐकू येत होता. विजेरी लावली. क्षणार्धात ओटीवरून उजेड आला आणि विझला. मुलगा जागाच होता. तरीही तो आला नाही. त्या न येण्यात त्याला किती बळ लागले असेल, हे मला त्या अंधारात उमगले.

असा बेत करणाऱ्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. औषधे आणि त्यांच्या वेळा एका कागदावर लिहून खिशात ठेवाव्यात. मधुमेह असल्यास साखर वा ग्लुकोज हाताशी असावे. मच्छरदाणी, बंद बूट, गळ्यात शिटी आणि चार्ज केलेला मोबाइल विसरू नये. त्या जागी नेटवर्क मिळते का, ते आधीच पाहावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवायची तर जागेचा पत्ताही नीट सांगता यायला हवा. जागा ओळखीच्या माणसाची आणि मदतीच्या टप्प्यातली असावी.

शुश्रूषा करणाऱ्यांना एवढीच विनंती : नदी आणि तंबू जमले नाहीत तरी चालेल. तलावपाळीच्या बाकावर अर्धा तास पुरेल. आपण हाकेच्या अंतरावर बसावे आणि हाक येईपर्यंत जागेवरून उठू नये.

परतीच्या लोकलमध्ये मुलाला डुलकी लागली. डोंबिवली आल्यावर त्याला मीच जागे केले.