पाळकसाहेबांचं डांगर

पुण्यात मी कधी ‘डांगर’ म्हटलं की समोरचा क्षणभर थबकतो. इकडे त्याला लाल भोपळा म्हणतात, आणि भोपळा म्हटला की सगळ्यांना लेकीकडून परत येणारी ती गोष्टीतली म्हातारी आठवते. मला देऊळ आठवतं. आम्ही नगरकडचे ख्रिस्ती चर्चला देऊळच म्हणतो. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण आमच्या तोंडी अजून नगरच बसलंय. देवळाच्या शेणानं सारवलेल्या जमिनीवर, वेदीच्या पुढ्यात, पांढऱ्या चादरीवर एकटंच बसलेलं, एका बाजूनं चेपलेलं डांगर.

हंगामाचा सण आमच्याकडे नाताळ आटोपल्यावर व्हायचा. कोणी त्याला कापणीचा सण म्हणे, शिकलेले लोक हार्वेस्ट म्हणत. शेतातलं पहिलं, चांगलं ते देवापुढं आणून ठेवायचं. खांबांना ज्वारीची ताटं कणसांसकट बांधलेली, बाजरीच्या पाट्या, तुरीच्या शेंगा, भुईमूग, गाडग्यात भुश्शावर मांडलेली अंडी, आणि पाय बांधलेल्या दोन-चार कोंबड्या, ज्या नेमक्या उपदेशाच्या वेळी ओरडत. उपासना संपली की लिलाव. खड्या आवाजाचा एखादा पंच वस्तू उचलून धरी आणि एक वार, दोन वार करी. पैसे मंडळीच्या पेटीत. यातली खरी गंमत परक्याला कळत नाही. बोली जिंकणारा पुष्कळदा पैसे मोजून वस्तू तिथंच परत ठेवतो. मग तिचा पुन्हा लिलाव. एकाच अंड्याला अशा चार-पाच फेऱ्या झालेल्या मी पाहिल्या आहेत. शेवटी ते अंडं कोणाच्या तव्यावर जातं याला फारसं महत्त्व नसतं.

आमचे पाळकसाहेब उंच, काटकुळे होते. सायकलच्या कॅरिअरला काळी पिशवी, तीत पवित्र शास्त्र, ‘उपासना संगीत’ आणि पंक्चर काढायचं सामान. घरी भेटीला आले की लगेच डोळे मिटून प्रार्थनेला बसत नसत. आधी शेळीची चौकशी. मग आलेलं कार्ड वाचून दाखवायचं, उत्तर लिहून द्यायचं, मनिऑर्डरचा फॉर्म भरून द्यायचा. प्रार्थना सगळ्यात शेवटी, उंबऱ्यात चपला घालता घालता, आणि ती इतकी थोडकी की आजी म्हणायची, ‘ह्यांच्या देवाला घाई असती.’

ती आजी गेली तेव्हा दुष्काळ होता. धडधाकट माणसं खडी फोडायला आणि पाझर तलावाच्या कामाला गेलेली. कबर खणायला वडील आणि दोन म्हातारे, बस. जमीन तर दगड झालेली. साहेबांनी पांढरा झगा काढून कडुनिंबाच्या फांदीला अडकवला आणि टिकाव घेतला. खणून झाल्यावर हात धुतले, झगा घातला आणि त्याच घामेजल्या अंगानं मातीची उपासना चालवली. वडिलांनी त्यांचे आभार मानले का? मला आठवतं ते एवढंच की घरी आल्यावर वडील खाली बघत म्हणाले, ‘साहेब, चहा घ्या.’

आमच्याकडे हे असंच. देवाचे आभार मानायला आमची माणसं उभी राहिली की पाऊण तास थांबत नाहीत. श्वासाबद्दल, निजेबद्दल, वाट चुकून न चावलेल्या विंचवाबद्दलसुद्धा उपकारस्तुती. तीच माणसं माणसासमोर आली की मुकी. कोणाचं कोणावर ऋण असेल तर ते तोंडानं फेडणं हलकं वाटतं. मग ते चहातून, भाकरीतून, नाहीतर भांडणातून बाहेर पडतं.

‘पाळक’ या शब्दाकडे मी पुढं कधीतरी नीट पाहिलं. पाळणं, पाळणा, पालक, मेंढपाळ ही सगळी एकाच घरातली. मेंढपाळाचा दाखला शास्त्रात जागोजाग येतो, पण आमच्या गावाला तो परदेशी कधीच वाटला नाही. सुगी झाली की धनगर यायचे. त्यांच्या मेंढरांचा वाडा आपल्या रानात बसावा म्हणून शेतकरी त्यांना गळ घालत. दोन-चार रात्री मेंढरं बसली की लेंडीखतानं रान तयार व्हायचं आणि शेतकरी धनगराला धान्य मोजून द्यायचा. धनगर ते मागून घ्यायचा, कमी वाटलं तर हुज्जत घालायचा. त्यात कोणाला ओशाळं वाटत नसे. आमच्या पाळकसाहेबांना मात्र मागता येत नव्हतं. पौलाच्या पत्रांत मळणीच्या बैलाचा दाखला आहे. खळ्यात राबणाऱ्या बैलाला मुसकं घालू नये, हा जुना नियम तो देवाच्या कामकऱ्याला लावतो. खळं पाहिलेल्या आमच्या माणसांना हे समजवायला टीकाकार नको होता. तरी इतक्या वर्षांत त्या वचनावर साहेबांचा उपदेश मी ऐकला नाही. कसा ऐकणार? बैलानं स्वतःच उठून मुसक्याविषयी बोलायचं म्हणजे पंचाईतच.

1972 साली पाऊस फिरकलाच नाही. आदल्या दोन वर्षांतही त्यानं हात आखडताच घेतला होता. देवळाची पाटी तेव्हा नवीन होती. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं होतं, आणि आपण नगरात राहून उत्तरेचे कसे झालो, यावर पारावर अजून वाद चालायचा. मिशनच्या काळात पाळकाच्या पगाराची चिंता गावानं फारशी केली नव्हती. आता मंडळीनं स्वावलंबी व्हायचं होतं, आणि स्वावलंबी व्हायला नेमकं ते वर्ष मिळालं. दर रविवारच्या पिशवीत पाच-दहा पैशांची नाणी पडायची. जनावरं छावणीत, घरात रेशनचा तांबडा मिलो, कामावर मिळणारी सुकडी. साहेबांना किती महिने पूर्ण पगार मिळाला नाही ते मोठ्यांनी आम्हाला सांगितलं नाही. आम्हा पोरांना कळलं ते कंदिलावरून. पाळकांच्या घरचा कंदील पूर्वी रात्री उशिरापर्यंत, उपदेश लिहून होईपर्यंत जळायचा. त्या वर्षी तो दिवेलागणीनंतर थोड्याच वेळात विझू लागला.

त्यांच्या बायकोला सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत. बाईंचा विचार मी फार उशिरा केला. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचल्यावर. राहुरी आमच्यापासून लांब नाही. तिथंच 1900 साली लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला. त्यांचे यजमान रेव्हरंड टिळक मनाला येईल ते देऊन टाकणार, घर पाहुण्यांनी आणि पोरक्या मुलांनी भरलेलं, आणि चूल लक्ष्मीबाईंची. 1917 साली टिळकांनी मिशनचा पगारही सोडला. वाचणारा टिळकांच्या त्यागानं भारावतो. मला त्या पानांवर डबे हलवून तळाचं पीठ अजमावणारी बाई दिसते. पाळकाचं कौतुक करताना लोक व्यासपीठाकडे बघतात. डबे स्वयंपाकघरात असतात.

तर त्या जानेवारीत पंचांची बैठक बसली. सण करायचा की नाही? पिकलंच नाही तर आणायचं काय? बहुतेकांचं मत पडलं, यंदा राहू द्या. कोपऱ्यात बसलेली एक म्हातारी, जिला बैठकीत बोलायचा हक्क नव्हता, ती म्हणाली, ‘हंगाम नाही म्हणून सण नाही? मग मयताच्या घरी प्रार्थना तरी कशाला करता?’ सण ठरला.

आणलेल्या वस्तू आठवल्या की अजून हसू येतं आणि गळाही दाटतो. वाटीभर मिलो. कागदाच्या पुडीत सुकडी. कोणी वाळलेल्या बोरांची ओंजळ. एकानं तर टोपलीभर खडी आणून ठेवली. म्हणाला, ‘यंदा माझ्या हातानं हेच पिकलं.’ माणसं गहिवरली. साहेबांनी मात्र दुसऱ्या दिवशी त्याला गाठून ती सरकारी खडी गुपचूप कामावर परत टाकायला लावली. हे पुष्कळांना ठाऊक नाही, मला ठाऊक आहे, कारण टोपलीला दुसरा हात माझा होता.

आणि ते डांगर. पाळकांच्या घरामागं मोरीचं पाणी जिथं साचायचं तिथं बाईंनी वेल लावला होता. आंघोळीच्या, भांड्यांच्या पाण्यावर तो जगला. त्याला दोन-तीन डांगरं धरली, त्यातलं एकच वाढलं. तेच त्यांनी आणून वेदीपुढं ठेवलं. घरात दुसरं काय होतं कोण जाणे.

लिलावात ते सगळ्यात शेवटी उचललं गेलं. पहिली बोली चार आणे. मग आठ आणे. वडिलांनी बारा आण्यांना घेतलं, पैसे टाकले, आणि डांगर जागेवर ठेवलं. पुन्हा बोली. दुसऱ्यानं घेतलं, ठेवलं. तिसऱ्यानं. पुरुषांचे पैसे संपल्यावर बायकांनी पदराच्या गाठी सोडल्या. कोणी काही बोलत नव्हतं. एरवी लिलावात जी थट्टामस्करी चालायची ती बंद पडली होती, फक्त पंचाचा एक वार, दोन वार, आणि नाण्याचा आवाज. मी बोटं मोजत होतो. डांगर अकरा वेळा विकलं गेलं. बाराव्या वेळी ज्यानं घेतलं त्यानं ते खांद्यावर टाकलं आणि देवळाबाहेर निघाला. सगळी मंडळी त्याच्या मागं. तो सरळ पाळकांच्या घरामागं गेला आणि वाळत चाललेल्या त्या वेलाशी त्यानं ते टेकवलं.

साहेब धावत आले. मी त्यांना चिडलेलं क्वचित पाहिलं, तेव्हा पाहिलं. ‘देवाला दिलेलं मी परत घेऊ?’

‘तुम्हाला कुठं देतोय साहेब? ज्या वेलाचं त्या वेलाखाली ठेवलंय.’

यावर त्यांच्याकडे वचन नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुष्कळ वेळ पुसतच राहिले. त्या दिवशीची पेटी त्यांच्या थकलेल्या पगारापोटी द्यायची असं पंचांनी आधीच ठरवलं होतं. ते त्यांना कागदावर सही करताना कळलं.

इथं गोष्ट संपली असती तर देवळात सांगण्याजोगी झाली असती. पण साहेबांनी ते डांगर कापलंच नाही. बैठकीच्या खोलीत, कपाटावर मांडून ठेवलं. आम्ही पोरं ते बघायला जायचो. लोकांनी बारा वेळा किंमत मोजलेली वस्तू खायची कशी, असं त्यांना वाटलं असावं. द्यायची सवय झालेल्या माणसाच्या हाताला घेण्याचं वळण उरत नाही. पुनरुत्थानाच्या सणाला बाईंनी अखेर ते खाली काढलं. मोरीच्या पाण्यावर वाढलेलं, चेपलेलं फळ ते, टिकणार किती? देठाकडून हात आत गेला. बाई अशा कडाडल्या की शेजारच्या वाड्यापर्यंत ऐकू गेलं, ‘माणसांनी खायला दिलं होतं हो! पूजायला नव्हतं दिलं!’

पुण्यात मी आमच्या मंडळीच्या समितीवर तीन वर्षं होतो. तिथला माझा हिशेब फार अभिमानाचा नाही. एका वर्षी नवे स्पीकर घ्यायचे की पाळकांचा घरभत्ता वाढवायचा, असा विषय आला. मी स्पीकरसाठी हात वर केला. उपदेश ऐकू येत नव्हता, हे खरंच होतं. तो लिहिणारा माणूस गावाच्या टोकाला, पाणी न येणाऱ्या घरात राहतो हे मला माहीत होतं, आणि ते मी त्या क्षणी विसरलो होतो असंही नाही. एकदा बैठकीत मी मिझोरामचं सांगितलं. तिथल्या ख्रिस्ती बायका रोज स्वयंपाकाच्या आधी मूठभर तांदूळ देवाच्या कामासाठी बाजूला काढतात आणि त्या मुठींवर मंडळीची मोठमोठी कामं उभी राहिली आहेत. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि सभा पुढच्या विषयाकडे गेली. मीही गेलो.

कौतुक होत नाही असं नाही. अमेरिकेत ऑक्टोबर महिना पाळकांच्या कौतुकाचा म्हणून पाळतात. त्याची चित्रं आता व्हॉट्सॲपवरून आमच्याकडेही येतात, गुलाबाची फुलं आणि हात जोडलेले. मग एका रविवारी केक, शाल, श्रीफळ, दोन भाषणं. आमच्या आत्ताच्या तरुण पाळकांकडे शालींची चळत झाली असणार. पुण्याच्या हवेत माणसाला एका जन्मात किती शाली लागतात? शाल देणाऱ्याचं चुकतं असं मी म्हणत नाही. मीही दिल्या आहेत. शाल घालताना फोटो बरा येतो.

गेल्या महिन्यात मंडईत एका गाळ्यावर आख्खं डांगर दिसलं. इथं ते फोडी करून विकतात, आख्खं सहसा कोणी मागत नाही. विकणारी म्हणाली, ‘काका, एवढं काय करणार?’ पिशवीत मावेना म्हणून तसंच काखेत मारलं आणि रिक्षात बसलो. पाळकांच्या घराचे तीन जिने चढता चढता गुडघे बोलायला लागले. साहेब कोणाच्या तरी आजारपणाला दवाखान्यात गेले होते. दार त्यांच्या बायकोनं उघडलं. कडेवर मूल, हाताला पीठ. मी वाटेत दोन वाक्यं जुळवली होती. तुमचे यजमान आमच्यासाठी किती करतात, वगैरे. दारात उभं राहिल्यावर त्यातलं एकही आठवेना. नगरचा माणूस, दुसरं काय होणार.

‘डांगर आणलंय,’ मी म्हणालो.

ती हसली. ते घेऊन ओट्यावर ठेवलं, हातानं थोपटून पाहिलं. चांगलं आख्खं आहे, म्हणाली, राहील ना महिनाभर?

‘नको,’ मी म्हटलं, ‘आजच करा.’