कुरकूर

यंत्रास वाणी नसते असें आपण म्हणतों; पण ज्याच्या घरीं दहा-बारा वर्षें चाललेली मोटार आहे, तो या विधानास सहसा संमति देणार नाहीं. त्याची मोटार बोलते, आणि तिच्याकडून अधिक कामाची अपेक्षा केली कीं विशेष बोलते. सपाट रस्त्यानें रमतगमत जातांना तिचें कांहींएक म्हणणें नसतें. चढ लागावा, मागून एखादा ट्रक येत असावा, आपण वेग वाढविण्यासाठीं पाय दाबावा, कीं तिची कुरकूर सुरू झालीच! माणसांचेंही असेंच आहे. स्वस्थ बसलें असतां त्यांचे दोष दिसत नाहींत. ओझें पडलें म्हणजे दिसतात.

हे आवाज ओळखण्याच्या कामीं आपली मराठी मोठी उपयोगी पडते. किंकाळीसारखी चिरचिर ऐकूं आली तर इंजिनाचा पट्टा सैल झाला असावा. वळणावर वेग देतांना कटकट वाजलें तर चाकास गति पोंचविणारा सांधा झिजल्याचा संशय घ्यावा. वेगाबरोबर चढत जाणारी घरघर बहुधा चाकाच्या बेअरिंगची असते. आणि चढावर, वरच्या गिअरमध्यें, इंजिनाच्या पोटांतून बारीक टकटक आली तर तेथें पेट्रोल अवेळीं पेटत आहे असें समजावें. इतके सूक्ष्म भेद दाखविणारे हे शब्द आपल्या पूर्वजांनीं कांहीं मोटारीसाठीं घडविले नव्हते. जातें, रहाट आणि बैलगाडी यांच्या संगतींत ते वाढले, आणि आज मोटारीच्या दुखण्यासही पुरून उरले आहेत.

मात्र दुखण्याचें वर्णन म्हणजे निदान नव्हे. गेल्या पावसाळ्यांत कात्रजचा घाट चढतांना आमच्या गाडीस एक बोजड धडधड लागली. तिच्याविषयीं घरांत तात्काळ दोन मतें झालीं. आमच्या सौभाग्यवतींचा संशय पेट्रोलवर होता. चिरंजीवांनीं सुचविलें, “बाबा, रेडिओ जरा मोठा लावा, म्हणजे ऐकूंच येणार नाहीं.”

आमच्या मिस्त्रींनीं कोणतेंच मत दिलें नाहीं. त्यांनीं प्रश्न विचारले. “सर, गाडी उभी ठेवून रेस केली तर आवाज येतो का? वेगांत असतांना क्लच दाबला तर राहतो कीं जातो? चढावर जास्त कीं उतारावर?” मग मला शेजारीं बसवून त्यांनीं स्वतः एक फेरी मारली. उभ्या गाडींत इंजिन कितीही फिरविलें तरी आवाज नव्हता. तेव्हां दोष नुसत्या इंजिनाच्या फिरण्याचा नव्हता. धांवत्या गाडीचा क्लच दाबतांच आवाज थांबे; तेव्हां तो चाकांचाही नव्हता. इंजिनावर भार पडे तेवढ्यापुरताच तो येई, आणि भाराबरोबर वाढे. जॉन स्टुअर्ट मिल यानें १८४३ सालीं आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथांत कार्यकारण शोधण्याच्या ज्या पद्धति सांगितल्या, त्या मी वर्षानुवर्षें फळ्यावर लिहीत आलों आहें. मिस्त्रींनीं त्या वीस मिनिटांत रस्त्यावर वापरून दाखविल्या, आणि तेंही मिलचें नांव न घेतां.

परत आल्यावर त्यांनीं बॉनेट उघडलें, मला ब्रेक घट्ट दाबून क्लच किंचित सोडावयास सांगितलें आणि आपण बाजूस उभे राहून पाहूं लागले. इंजिन एका अंगानें उचललें गेलें. इंजिन ज्या जोरानें चाकें फिरवूं पाहतें, त्या जोराची प्रतिक्रिया त्यालाही सोसावी लागते, व तें उलट दिशेस पिळलें जातें. तें आवरून धरण्यासाठीं रबराचे आधार बसविलेले असतात. त्यांतील एक फाटला होता, आणि जोर लागतांच धुराची नळी गाडीच्या बुडाशीं आदळत होती. आधार बदलला, आवाज गेला. रेडिओनेंही आवाज गेलाच असता. नळीचें आदळणें मात्र चालूच राहिलें असतें.

आवाज गेला म्हणजे सर्व कांहीं ठीक झालें, ही समजूत जगास एकदा फार महाग पडली आहे. वर जी टकटक सांगितली, तिजवर अमेरिकेंत टॉमस मिजली यानें १९२१ सालीं उपाय शोधला: पेट्रोलमध्यें शिशाचें एक संयुग मिसळावयाचें. उपाय रामबाण होता. इंजिनें शांत झालीं. शिसें विषारी आहे हें तेव्हां कोणास नवें नव्हतें, आणि अल्कोहोल मिसळल्यानेंही टकटक थांबते हेंही ठाऊक होतें. १९२४ सालीं न्यू जर्सींतील कारखान्यांत हें संयुग करणारे पांच कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले. तरीही तें पेट्रोल पुढें जगभर पसरलें, आणि त्याच्या धुरांतील शिसें रस्त्याकांठच्या मुलांच्या रक्तांत जाऊन त्यांच्या बुद्धीस बाधूं लागलें. आपल्या देशांत त्याची विक्री २००० सालीं थांबली. जगांतील शेवटच्या पंपावरून तें उठावयास २०२१ साल उजाडलें. इंजिनाची तक्रार थांबली होती खरी, पण ज्यांना तक्रार करतां येत नव्हती अशांच्या अंगावर ती ढकलून!

आजकालच्या बऱ्याच इंजिनांवर एक लहानसा कानच बसविलेला असतो. टकटकीची चाहूल लागली कीं तो ती गाडींतील संगणकास कळवितो, आणि संगणक ठिणगीची वेळ किंचित मागें सारतो. गप्प करण्याआधीं ऐकून घेणें, एवढेंच त्यांतलें शहाणपण. पण शिक्षक, वडील आणि राज्यकर्ते यांना तें यंत्राइतकें सहज साधत नाहीं. वर्गांत कुजबूज वाढली तर टेबलावर छडी आपटून ती क्षणांत थांबवितां येते. मात्र त्या शांततेंत, आपलें शिकविणें मुलांस कोठें समजेनासें झालें, हें कळण्याचा मार्गही बंद होतो.