रंगाआधीचं काम

गाडीला रंग कुठे द्यावा हे बेळगावात कुणालाही विचारा, प्रत्येकाचा एक 'आपला माणूस' असतोय. पण पावडर कोटिंगचा माणूस निवडताना नुसती चमक बघून चालत नाही. रंगाआधी तो काय करतो, ते विचारावं लागतं.

आमच्या घरी पप्पांची येझदी रोडकिंग आहे. म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ साली बंद पडला. नवी फ्रेम कंपनीतून येणार नाही. आहे तीच टिकवायची. आणि बेळगावचा पाऊस तर साध्या रंगाखाली गंज फुगवून वर आणतो.

पावडर कोटिंगात थिनर नसतो. कोरडी पूड बंदुकीतून विद्युतभार घेऊन सुटते आणि अर्थिंग दिलेल्या लोखंडाला चिकटते. मग भट्टीत १८० ते २०० अंश सेल्सिअसला दहा-वीस मिनिटं भाजली की वितळून तिचं एकसंध कवच होतं. जाडी साधारण ६० ते ८० मायक्रॉन, म्हणजे केसाएवढी. पण खाली तेल किंवा गंज राहिला तर हेच कवच पापुद्र्यासारखं सुटतं. म्हणून आधी ब्लास्टिंग करून लोखंड उघडं करायचं, मग फॉस्फेटिंग, आणि शेवटी रंग.

उद्यमबागेत फाउंड्र्या आणि मशीन शॉप पुष्कळ, त्यामुळे कोटिंगवालेही आहेत. पण त्यांना एकाच मापाचे शेकडो नग लागतात. एका फ्रेमसाठी बूथ आणि बंदूक धुऊन रंग बदलणं त्यांना परवडत नाही. एकानं सरळ सांगितलं, "काळा चालू असेल त्या दिवशी या." हे पटण्यासारखं होतं. दुसरा मात्र म्हणाला, "जुना रंग काढायचा कशाला? वरनंच मारतो की." तिथून आम्ही निघालो. निपाणीचा मामा कागल एमआयडीसीत नेतो म्हणत होता, पण तेवढ्यात एक छोटी शेड सापडली.

तिथल्या माणसानं दर सांगायच्या आधी प्रश्न विचारले. "बेरिंगं, रबरी बुश काढलासा काय? चेसिस नंबर कुठं आहे, दाखवा." नंबरावर बोट ठेवून पोराला कानडीत म्हणाला, "इदन्न मुच्चु." जाड थराखाली नंबर बुजला तर आरटीओत वाचणार कोण? आटे आणि बेरिंगच्या जागाही त्यानं झाकायला सांगितल्या. टाकी मात्र परत दिली. तिच्यात लांबी भरलेली, ती भट्टीत टिकत नाही.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. ब्लास्टिंग केल्यावर स्विंगआर्मजवळच्या जुन्या वेल्डिंगला भेग दिसली होती. "आधी वेल्डिंग करून आणा. असं असताना मी कोट करणार नाही."

पप्पा वैतागले. "इतकी वर्षं चालली की!" मग गप्प झाले. ह्याच फ्रेमवर मम्मीला मागे आणि मला पुढे टाकीवर बसवून ते हायवेनं निपाणीला मामाकडे जायचे. भेग तेव्हा होती की नंतर पडली, हे आता कोण सांगणार? रंगाखाली कुणाला काही दिसलं नव्हतं. आमच्या चर्चच्या फाटकालाही नाताळाआधी ऑइलपेंट लागतो आणि जूनमध्ये त्यातून गंज डोकावतो. लोखंडाचं खरं काय ते खरवडल्यावरच कळतं.

वेल्डिंगला आठवडा गेला, खर्चही वाढला. फ्रेम काळी होऊन आली तेव्हा त्यानं स्वतःच थिनरचा बोळा एका कोपऱ्यावर घासून दाखवला. रंग मऊ पडून फडक्याला लागला असता तर भाजणी कमी, असं समजायचं. फडकं स्वच्छ राहिलं.

तुम्हाला असा माणूस शोधायचा असेल तर दर शेवटी विचारा. आधी विचारा, ब्लास्टिंग कुठं करता, काय काय झाकता, आणि कुठलं काम परत पाठवता? तिसऱ्या प्रश्नाला ज्याच्याकडे उत्तर आहे, त्याच्याकडे गाडी ठेवून या.