वारीच्या सामानाला गाडी कोणती?

आषाढी जवळ आली की आमच्या बीडमध्ये घरोघरी वळकट्या बांधायची गडबड सुरू होते. कोथळी-मुक्ताईनगरहून निघालेली मुक्ताबाईंची पालखी आमच्या गावावरूनच पुढे पंढरपूरला जाते, शिवाय जिल्ह्यातल्या लहानमोठ्या दिंड्या वेगळ्याच. वारीला न्यायचं काय, यावर आपण बायका तासन्‌तास बोलू शकतो. दशम्या किती दिवस टिकतात, शेंगदाण्याची चटणी किती लागते, सुती साडी न्यावी की लवकर वाळणारी, सगळं आपल्याला पाठ असतं. पण हे सारं वाहून न्यायचं कशातून, हे मात्र आपल्याला कुणी विचारत नाही. तो विषय पुरुषमंडळींचा, असं ठरूनच गेलेलं आहे जणू.

मोठ्या दिंड्यांचं ठीक आहे. त्यांच्याकडे ट्रक असतो, तंबू असतात, पाण्याचा टँकर असतो. आपल्यासारख्या आठ-दहा जणींच्या भजनी मंडळानं काय करायचं? भिशी देऊन कुणाच्या तरी टेम्पोत सामान टाकायचं, हा रिवाज. आम्हीही दोन वर्षं तेच केलं. टेम्पो पुढे निघून जायचा आणि गावाच्या पार पलीकडच्या टोकाला उभा राहायचा. एका मुक्कामी पाऊस कोसळत होता, आम्ही शाळेच्या पडवीत भिजून उभ्या, आणि कोरडी लुगडी रात्री साडेदहाला हाती आली. बरं, चालकाला बोलावं तर त्याच्या मागे शंभर जणांची सामानं. तेव्हा आमच्या आठ जणींचं ठरलं, की आपली गाडी आपण ओढायची.

घरी सांगितलं तर हे हसले. म्हणाले, "बैल कोण होणार?" मी म्हटलं, "आळीपाळीनं होऊ. संसारात तरी दुसरं काय करतो?"

आता गाडी कोणती घ्यायची? शेजारच्या वहिनींचा मुलगा पुण्याला नोकरीला आहे. त्यानं मोबाइलवर एक चित्र दाखवलं. कापडाची, घडी होणारी, चार चाकांची ट्रॉली. परदेशात म्हणे लोक उघड्यावरच्या गाण्याच्या जलशांना तंबू ठोकून राहतात, तेव्हा सामान असल्या गाडीतून ओढून नेतात. दिसायला झकास! मिटली की कोपऱ्यात उभी राहते, लाल-निळ्या रंगात मिळते. दोघी-तिघी तर तिथेच भुलल्या. आमच्या भांडीवाल्या मावशी ओट्याशी उभ्या राहून हे ऐकत होत्या. त्यांनी चित्र हातात घेतलं, नीट पाहिलं, आणि एवढंच विचारलं, "ताई, चाक केवढुसं हाय हो हिचं?"

या मावशींबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण या लेखातलं निम्मं शहाणपण त्यांचं आहे. वीस-बावीस वर्षं त्या नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जात होत्या. दिवाळीच्या सुमारास आमच्या जिल्ह्यातून लाखो माणसं साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात, हे तुम्ही वाचलं असेल. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे 'कोयता' म्हणतात. कुणी टायरच्या बैलगाडीवर असतं, कुणी 'डोकी'वर, म्हणजे मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकमध्ये चढवायच्या. मावशींनी दोन्ही केलं. पुढे पोटाचं दुखणं आलं आणि वयाच्या पस्तिशीतच गर्भाशयाची पिशवी काढली. त्या काही एकट्या नव्हेत. २०१९ मध्ये राज्य सरकारनं नेमलेल्या समितीनं आमच्या जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. मावशींना डॉक्टरांनी वजन उचलायची सक्त मनाई केली आहे. आणि पंढरीला पायी जायची त्यांची इच्छा किती वर्षांची! आजवर अडलं होतं ते वळकटीवरच. म्हणून आम्ही त्यांना म्हटलं, मावशी, तुम्ही आमच्यात या. आता गाडी अशी हवी होती, की मावशींनाही त्यांच्या पाळीला हात लावता यावा. नुसतं मागून चालायला त्या काही तयार नव्हत्या.

तर चाकाचं बघा. त्या घडीच्या गाडीचं चाक असतं सहा-सात इंची. फरशीवर ते लोण्यासारखं पळतं. पण चाकाच्या निम्म्या उंचीएवढी पायरी आली, की कितीही जोर लावून सरळ ओढा, चाक वर चढत नाही, गाडी उचलावीच लागते. म्हणजे सहा इंची चाकाला तीन इंचांचा दगड म्हणजे भिंतच. सायकलएवढं मोठं चाक त्याच दगडावरून एका हिसक्यात जातं. डांबरी सडकेवर फारसा फरक कळणार नाही, पण मुक्काम काही सडकेवर नसतो. तो असतो शाळेच्या मागं, देवळाच्या पटांगणात, नाहीतर कुणाच्या वावरात. आणि आषाढातली आपली काळी माती! चार पावलांत चाकाला अशी लिंपते, की चाक फिरायचं थांबतं नि गाडी नुसती घसटत येते. म्हणून चाक आणि सांगाडा यांच्यात चांगली चार बोटं जागा ठेवावी, आणि चाकावरचं मडगार्ड काढूनच टाकावं. साडीवर चिखल उडेल तो उडू द्या.

दुसरा पर्याय भाजीवाल्याची चारचाकी हातगाडी. ती सपाट, रुंद, आणि थांबली की आपल्या पायांवर उभी. मला ती फार आवडली होती. पण ती वळवायची म्हणजे एक टोक उचलून घसटावं लागतं. बाजारात दिवसाकाठी चारदा वळवायला ते ठीक, रोज पंधरा-वीस किलोमीटर चालायचं तर नको. शिवाय ती परत आणायची कशी? जाताना चालत जाऊ, पण येताना आपण एस.टी.नं येणार.

मग राहिली दोनचाकी. हिच्यातलं गुपित एकच, आणि ते बैलगाडीवाल्याला कुणी शिकवावं लागत नाही. भार आसावर बसला पाहिजे. पुढे जास्त झाला तर सगळं ओझं हातांवर येतं, मागे जास्त झाला तर दांडी वर उडते. मावशी म्हणाल्या, "जू मानंवर नुसतं टेकलं पायजे, बसलं नाय पायजे." जड वस्तू मधोमध आणि तळाला, हलक्या वर. आमचा पाच किलोचा गॅसचा छोटा सिलिंडर बरोबर आसाच्या वर, उभा, दोरीनं आवळून बांधलेला, आणि त्याच्याजवळ वळकट्या, म्हणजे तो खडखडत नाही.

सामानाचं वजन मात्र अंदाजानं धरू नका. आम्ही पिठाच्या गिरणीच्या काट्यावर एक-एक वस्तू ठेवली. आठ वळकट्या चौसष्ट किलो, शिधा तीस, पातेली-परात पंधरा, शेगडी-सिलिंडर सोळा, ताडपत्री नि दोर दहा, पाण्याचा जार वीस. झाले एकशे पंचावन्न! गिरणीवाला म्हणाला, वहिनी, दळणाची दोन पोती झाली की ही. त्यात गाडीचं स्वतःचं पस्तीस धरा. एकशे नव्वद किलो. सपाटीवर दोघींना ते जड नाही. पण बीड सोडलं, पाली मागं पडली, की मांजरसुंब्याचा घाट येतो. वीस फुटांत एक फूट चढ असला, तर एकशे नव्वदचा विसावा हिस्सा, साडेनऊ किलोची ओढ सारखी हातांवर राहते, आणि चाकं फिरवायला लागते ती निराळी. हा हिशेब मांडला तेव्हा आम्ही पहिलं काम केलं ते पाण्याचा जार कमी करण्याचं. पाणी वाटेत मिळतं. प्रत्येकीची बाटली प्रत्येकीपाशी.

वेल्डिंगवाल्याशी मात्र थोडी वादावादी झाली. त्याला जाड अँगलचा सांगाडा करायचा होता. "मजबूत होईल ताई, पाचशे किलो घातले तरी वाकणार नाही." अहो, पण आम्हाला पाचशे किलो घालायचेच नाहीत! दुकानदार नेहमी गाडीत किती मावतं ते सांगतो, ती ओढणार कोण हे विचारत नाही. आम्ही चौकोनी पाइपचा हलका सांगाडा करून घेतला. चाकं घातली जुन्या मोपेडची. सायकलच्या चाकापेक्षा ती बुटकी, पण टायर रुंद, आस जाड, आणि भरलेली गाडी आडवी कलली तरी तारा वाकत नाहीत. शिवाय पाना लावून चाकं निघतात, सांगाडा नटबोल्टांवर दोन तुकडे होतो, आणि येताना ओळखीच्या टेम्पोच्या टपावर सगळं बांधता येतं. घडीच्या गाडीची जी एक गोष्ट खरी सोयीची होती, ती अशी साधून घेतली. प्रत्येकीची वर्गणी आठशे रुपये पडली. मावशींनी आपले आठशे हट्टानं दिले.

हवेच्या टायरला आमच्याकडे एकच शत्रू, बाभळीचा काटा. शेळ्यांसाठी फांद्या छाटतात आणि काटे रस्त्याच्या कडेला पडून राहतात. भरीव रबराच्या चाकाला काट्याचं भय नाही, पण तो प्रत्येक धक्का थेट मनगटात आणतो. मी म्हणेन, हवेचाच टायर घ्या, आणि बरोबर पंप, ठिगळं, एक जादा ट्यूब ठेवा. पंक्चर काढणं हे भाकरी थापण्याहून अवघड नाही. एका रविवारी सायकलवाल्याकडे बसून आम्ही चौघी शिकलो.

सगळ्यात जास्त विचार मात्र दांडीचा केला. गाडी ओढताना होत नाही एवढा त्रास ती जमिनीवरून उचलताना होतो, कारण तेव्हा आपण कमरेत वाकतो आणि सारा भार पोटावर येतो. मावशींना नेमकं तेच वर्ज्य. म्हणून पुढच्या बाजूला घडीचे दोन लोखंडी टेकू लावले. गाडी थांबली की टेकू खाली पाडायचे, दांडी कमरेच्या उंचीलाच राहते, वाकायचं कामच नाही. दांडी आडवी आणि रुंद केली, दोघी शेजारी-शेजारी धरू शकतील अशी, आणि वर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली, हाताला फोड येऊ नयेत म्हणून. मागं एक दोर. चढाला मागून दोघी ढकलतात, उताराला त्याच दोघी दोर धरून गाडी आवरतात. उतारावर दोर सोडून गप्पा मारायच्या नाहीत, एवढा एकच कडक नियम आमच्या मंडळात आहे. आणि मागच्या फळीला लाल चमकणाऱ्या पट्ट्या. आता आमचा रस्ता चौपदरी झाला, चालायला गुळगुळीत, पण पहाटे चारच्या अंधारात मागून ट्रक येतो तो वाऱ्यासारखा.

गाडी तयार झाली तेव्हा पोरांनी रिकामीच गल्लीतून पळवली. सगळ्या खूश. मावशी म्हणाल्या, "रिकामी वढून काय कळतंय? भरून वढा, आन्‌ चिखलातून वढा." तेव्हा पहिल्या पावसानंतर एका संध्याकाळी आम्ही एकशे पस्तीस किलो मोजून भरले आणि गावाबाहेरच्या एका पाणंदीतून गाडी काढली. पहिली पाळी मुद्दाम मावशींची ठेवली, जोडीला मी. त्यांना जमली तर सगळ्यांना जमेल, असा हिशेब. पन्नास पावलांवर त्या थांबल्या. मला वाटलं, दुखलं की काय. तर म्हणाल्या, शिध्याचं पोतं वीतभर मागं सरकवा. सरकवलं. पुन्हा दांडी धरली आणि पाणंद संपेपर्यंत त्या थांबल्या नाहीत.

त्या वर्षी आम्ही नऊ जणी गेलो. वळकट्या नऊ झाल्या म्हणून शिधा थोडा कमी केला, चौसाळ्याला बाजारातून घेतला. घाटात दर दोनशे पावलांना पाळी बदलत होतो, बाकीच्या अभंग म्हणत पुढे. डोक्यावर तुळस होती ती मावशींच्या. ओझ्यासाठी म्हणून इतकी वर्षं ज्या डोक्यावर चुंबळ बसली, त्यावर वृंदावन घेऊन त्या पारगावपर्यंत चालल्या, आणि आपली पाळी आली की वृंदावन दुसरीच्या हाती देऊन दांडी धरत होत्या. दोन पंक्चर झाली, दोन्ही भूमच्या अलीकडे, दोन्ही बाभळीची. एका जागी टेकूचा नट पडला, तो सुतळीनं भागवला. यंदा तिथे दुहेरी नट बसवायचा आहे.

एरवी गाडी आमच्या जिन्याखाली असते, चाकं काढून. गल्लीत लग्नकार्य निघालं की भांडी आणायला तिला मागणी येते. आम्ही देतो, फक्त टायरमधली हवा बघून परत घेतो. गेल्या महिन्यात दोन गल्ल्यांपलीकडच्या मंडळाच्या बायका माप घ्यायला आल्या होत्या. त्यांच्यात दोघी अगदी ठेंगण्या. मी त्यांना म्हटलं, आमच्या दांडीचं माप घेऊ नका, तुमच्यात सगळ्यात बुटकी कोण ती भिंतीला उभी करा आणि तिच्या कमरेशी खडूची खूण करा.