मडगावच्या पुढे, नेव्हीच्या गावात

गोव्याचा वीकेण्ड म्हटला की सगळं पब्लिक मडगावला उतरतं. यावेळी तुम्ही उतरू नका. काणकोण मागे पडतं, खिडकीत काळी नदी येते आणि आलंच कारवार!

बीच इथंही आहे, तोही टागोरांच्या नावाचा. भाऊ इथं जज्ज असताना, १८८३ मध्ये तरुण रवींद्रनाथ कारवारला राहून गेले होते. त्याच वाळूत ‘आयएनएस चपळ’ ही रिटायर झालेली मिसाइल बोट उभी आहे. पोरं आत शिरून फोटो काढतात. नेव्हीशी पहिली ओळख इथंच होते.

खरी नेव्ही मात्र शहराच्या दक्षिणेला, भिंतीपलीकडे. मुंबई बंदरातली गर्दी टाळायला ‘सीबर्ड’ प्रकल्प आखला गेला. १९८६ मध्ये राजीव गांधींनी पायाभरणी केली, २००५ मध्ये ‘आयएनएस कदंब’ तळ सुरू झाला. पुढच्या टप्प्याचा प्लॅन आहे ३२ युद्धनौका-पाणबुड्यांचा आणि सुमारे १० हजार नौसैनिक व नागरी कर्मचाऱ्यांचा, तेही कुटुंबासकट. लाखाच्या आतलं हे शहर, विचार करा! म्हणून तर नुसते धक्के बांधून भागत नाही. घरं, पाणी, शाळा, दवाखाना सगळंच लागतं. मार्च २०२४ मध्ये धक्क्यांबरोबर सात टॉवर्समधल्या ३२० घरांचंही उद्घाटन झालं.

येणाऱ्यांचा हिशेब असा चोख. जाणाऱ्यांचं काय? या तळासाठी १३ गावं उठली, चार हजारांवर कुटुंबांनी घरं सोडली. कुणाची शेती गेली, कुणाचा होड्या ओढायचा किनारा. वाढीव भरपाईचे खटले वर्षानुवर्षं कोर्टात चालले. नवीन प्लॉट मिळतो हो, पण दारातला समुद्र कुठल्या प्लॉटवर बसवणार?

भिंतीला दारं असतात, हेही इथंच कळतं. २०२० मध्ये कोविड आला, तेव्हा तळावरच्या ‘पतंजली’ या नौदलाच्या हॉस्पिटलने जिल्ह्यातल्या साध्या नागरिकांवर उपचार केले. ‘आतले’ आणि ‘बाहेरचे’ हा फरक त्या दिवसांत पुसला गेला. तळ वाढवायचा तर प्लॅनमध्ये हेच आधी हवं. दवाखाना, शाळा, नोकऱ्या दोन्ही बाजूंना मिळाल्या, तरच गावाला तळ आपला वाटेल.

सकाळी मासळी बाजारात नक्की जा. पंजाब नाहीतर केरळहून आलेली नौसैनिकाची बायको मोडक्या कोकणीत बांगड्याचा भाव करते. टोपलीमागच्या बाईचं माहेर कदाचित त्या भिंतीच्या आत होतं. दोघी घासाघीस करतात, हसतात, एक बांगडा वरकड पडतो.

हायवेवरून तळ दिसला, तर कॅमेरा मात्र बॅगेतच ठेवा. फोटो बाजाराचे काढा. आधी विचारून!