खोकला आहे का?

खरं सांगायचं तर मराठी विभागासाठी मी दुसराच लेख दिला होता. 'हॉस्टेलचे दिवस' टाइप. आमच्या संपादिकेने तो वाचला आणि "छान आहे" एवढंच म्हणाली, म्हणजे छान नव्हता. म्हणून आता हा देते आहे. हा लिहायचा नव्हता.

आमचं घर लालबागला, चाळीत. आजोबा गिरणीत ब्लोरूमला होते, म्हणजे जिथे कापसाच्या गाठी फोडून कापूस साफ करतात तिथे. 1982 च्या संपापर्यंत. तेव्हापासूनचा त्यांना खोकला. "छातीत कापूस बसलाय," असं ते म्हणतात. आमच्याकडे गजराचं घड्याळ नाही, आजोबांचा खोकला आहे! त्यामुळे गेल्या दिवाळीच्या आधी तो खोकला जरा ओला, जरा खोल झाला, हे घरात कुणाच्या लक्षातच आलं नाही. मी सुट्टीत गेले तेव्हा त्यांना संध्याकाळचा बारीक तापही येत होता. आई म्हणाली, "तू शिकलेली आहेस, तू घेऊन जा."

परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात गेलो. केसपेपरच्या खिडकीच्या आधी एक टेबल होतं आणि टेबलाशी मास्क लावलेल्या सिस्टर. प्रश्न चारच. दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे का? ताप? वजन घटलंय? रात्री घाम येतो? एकालाही 'हो' म्हटलं की मास्क हातात देऊन बाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये बाकावर बसवत होते. आत जाणारे लोक त्या शेडकडे बघत बघत जात होते. आणि आमच्या मागे, नेमक्या, आमच्याच चाळीतल्या काकू उभ्या.

"खोकला आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "म्हणजे जुनाच आहे. गिरणीतला."

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, पण बोलले काही नाहीत. सिस्टरनी हात केला आणि आम्ही आत गेलो.

आतला हॉल गच्च. खिडक्या होत्या, पण त्यांच्यासमोरही माणसं उभी. दोन तास बसलो. शेजारी एक बाई सहा-सात महिन्यांचं बाळ घेऊन बसल्या होत्या. बाळाला पिवळं टोपडं. त्याने आजोबांचं बोट धरलं ते सोडेचना. आजोबांना खोकला आला की ते हसायचं, त्याला वाटायचं हे त्याच्यासाठीच चाललंय. मी मोबाइलवर त्याचा फोटो काढायला गेले, मग बरं दिसणार नाही म्हणून काढला नाही.

डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला. मी "जुनाच" म्हणेपर्यंत आजोबा म्हणाले, "तीन आठवडे झाले, डॉक्टर. हा वेगळा आहे. प्यांट पट्ट्याशिवाय राहत नाही."

मग एक्स-रे, आणि झाकणाची एक छोटी डबी. मी आजोबांना समजावलं, "यात थुंकायचं." तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "थुंकी नको गं, बेडका पाहिजे." मी कॉन्व्हेंटची. बेडका म्हणजे काय, मला ठाऊक नव्हतं. मला आधी बेडूकच आठवला. सिस्टरनी न हसता सांगितलं : खोल श्वास घेऊन, छातीतून खाकरून जे येतं ते. लाळ आली तर तपासणी फुकट. एक नमुना आत्ता आणि एक सकाळी उठल्या उठल्या, आणि दोन्ही उघड्यावर द्यायचे, बंद खोलीत नाही.

त्यांच्याकडे सीबीनाट नावाचं मशीन होतं. ते बेडक्यात क्षयाच्या जंतूचा डीएनए शोधतं, साधारण दोन तासांत सांगतं, आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल की नाही तेही सांगतं. एवढं भारी मशीन! पण त्याच्यापर्यंत माणूस पोचवायचं काम टेबलावरचे ते चार प्रश्न करतात. चाळणीच ती. मुद्दाम जाड ठेवलेली, म्हणजे साधा खोकला असलेलेही तिच्यात अडकणार. त्यांचं नुकसान काय, तर थोडा वेळ शेडमध्ये बसायचं. आणि ज्याला खरंच आहे तो सुटला, तर? क्षय हवेतून पसरतो, बारीक कण बंद खोलीत तासन् तास तरंगत राहतात. उघड्या हवेत ते विरळ होतात. शेड तीन बाजूंनी उघडी होती, तिथे वारा होता. ही शिक्षेची जागा नव्हती, व्हेंटिलेशन होतं. हे मला, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलीला, नंतर कळलं.

रिपोर्ट पॉझिटिव्ह. औषध लागू पडणारा, हे नशीब. सहा महिने गोळ्या.

त्या रात्री आजोबांनी विचारलं, "बाय, मला आर्थर रोडला टाकतील काय?" आर्थर रोडचं हॉस्पिटल म्हणजे आजचं कस्तुरबा. चिंचपोकळीच्या पुलापलीकडे, रस्त्याचं नाव आता साने गुरुजी मार्ग. 2009 मध्ये स्वाइन फ्लूच्या वेळी लोक तपासून घ्यायला तिथेच गेले, 2020 मध्ये कोरोनाचे रुग्णही आधी तिथेच नेले. आजोबांची भीती मात्र त्याहून जुनी आहे. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. रोग्यांना उचलून या हॉस्पिटलात आणू लागले आणि चाळींतून बोलवा उठली की नेलेला माणूस परत येत नाही. 29 ऑक्टोबर 1896 ला हजारभर गिरणी कामगारांनी या हॉस्पिटलावर हल्ला केला. पुढे 1897 च्या कायद्याने स्टेशनांवर उतारूंना उतरवून तपासायला सुरुवात झाली, बायकांनासुद्धा, आणि लोक आजारी माणसं लपवू लागले. लायब्ररीत हे वाचताना मी आधी म्हटलं, काय अडाणी लोक! मग गप्प बसले. त्यांना निदान भीती वाटायला कारण होतं. मला काकूंची लाज वाटली होती.

आईचं म्हणणं, "टीबी म्हणू नकोस, छातीचं इन्फेक्शन म्हण. उद्या तुझं लग्न करायचंय." घरातल्या सगळ्यांचे एक्स-रे झाले, सगळे स्वच्छ. हॉस्टेलला आल्यावर रूममध्ये सांगितलं. एकीने लगेच विचारलं, "मी दुसऱ्या रूममध्ये जाऊ का?" प्रश्न रास्त होता. मी तिला माझा रिपोर्ट दाखवला. ती गेली नाही, पण आठवडाभर खिडकी सताड उघडी ठेवून झोपली. (चांगली सवय आहे, ठेवा.) हा लेखही आईला विचारूनच देते आहे. ती दोन दिवस बोलली नाही, मग म्हणाली, "चाळीचं नाव तेवढं घालू नकोस."

आजोबांचा चौथा महिना चालू आहे. वजन तीन किलो वाढलंय.

सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर मी जाते तेव्हा त्या हॉलमध्ये एक चक्कर मारते. ते बाळ आता बसत असेल, कदाचित उभं राहत असेल. पहिल्या खेपेला टेबलावरच्या सिस्टरना मी सगळं सांगितलं होतं, खोटं बोलल्याचंसुद्धा. त्या रागावल्या नाहीत. वही उघडून म्हणाल्या, "त्या बाईंचं नाव? केसपेपर नंबर?"

माझ्याकडे काहीच नव्हतं. पिवळं टोपडं, एवढंच सांगता आलं.