दुपारची बैठक

मराठीत ‘बैठक’ हे घरातल्या खोलीचे नाव आहे आणि गाण्याच्या एका रीतीचेही. पाश्चात्त्य संगीतातल्या ‘चेंबर म्युझिक’चे मूळही खोलीतच सापडते. मात्र त्या खोलीत कोणी बसायचे आणि कोणी गायचे, हा प्रश्न दोन्हीकडे वेगळ्या रीतीने सुटलेला दिसतो. या प्रश्नाकडे माझे लक्ष वेधले ते माझ्या सासूबाईंनी. त्यांचे वय शहात्तर आहे आणि ख्याल हा शब्द त्यांनी आयुष्यात क्वचितच उच्चारला असेल.

नेरसारख्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या माणसाचे शास्त्रीय संगीत एसटीच्या वेळापत्रकाने ठरते. मैफल रात्री नऊला सुरू होणार असेल, तर ती आपल्यासाठी नाही, हे गेली वीस वर्षे मी गृहीत धरून चालले आहे. अमरावती साठेक किलोमीटरवर आहे, परंतु मध्यरात्री तिथून परतायचे कशाने? एकटी प्राध्यापिका असेल तर हा प्रश्न विचारण्याचीही गरज उरत नाही. परिणामी दरबारी, मालकंस, बागेश्री हे राग मला ध्वनिमुद्रिकांतूनच ठाऊक आहेत. समोर बसून ऐकले ते बहुधा सारंग आणि भीमपलास.

ध्वनिप्रदूषणासंबंधीचे २००० सालचे नियम आले आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर बंधन पडले, तेव्हा पुण्या-मुंबईच्या रसिकांनी केलेला शोक मी वाचला होता. तो खोटा नव्हता. १९५३ साली सुरू झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवाने पहाटेपर्यंत चालणाऱ्या बैठकींची एक पिढी घडवली होती. रात्रीच्या तिसऱ्या प्रहराचे राग आता कुठे ऐकायचे, हा त्यांचा सवाल रास्तच होता. पण त्याच नियमामुळे महोत्सव दुपारी सुरू होऊ लागले आणि सारंगाचे प्रकार, पटदीप, मधुवंती, मुलतानी यांना व्यासपीठ मिळाले. कायद्याने एका प्रहराचे काढून दुसऱ्या प्रहराला दिले. ज्यांच्या पदरात पडले त्यांत आम्ही शेवटच्या बसचे प्रवासी होतो. आमचे मत मात्र त्या चर्चेत कोणी विचारले नाही, हे जाता जाता नोंदवते.

तर, गेल्या डिसेंबरातल्या एका रविवारी अमरावतीतल्या एका घरी दुपारी दीड वाजता गायन आहे, ध्वनिक्षेपकाविना, तीस-पस्तीस माणसांपुरते, असे कळले. मी निघायची तयारी करत होते, तर सासूबाई म्हणाल्या, “मी बी येतो.” त्यांच्या लेखी अमरावती म्हणजे अंबादेवी नाहीतर दवाखाना, तिसऱ्या कारणासाठी त्या कधी गेल्या नव्हत्या. सकाळच्या एसटीत वाहकाने त्यांना शून्य रुपयांचे तिकीट दिले. पंचाहत्तरीपुढच्या प्रवाशांसाठी २०२२ साली सुरू झालेली ही सवलत. ते तिकीट त्यांनी घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवले. नांदगाव खंडेश्वर मागे पडेपर्यंत त्या तुरीची शेते पाहत होत्या. नंतर एकदम म्हणाल्या, “गानारा तुकडोजी महाराजाचं म्हनते काय?” म्हणणार नाही, असे मी सांगितले. त्या गप्प बसल्या.

त्यांचे माहेर गुरुकुंज मोझरीच्या बाजूचे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ साली गेले तेव्हा त्या विशीच्या आसपास होत्या; खंजिरीवरचे भजन त्या भागातल्या मुलांच्या कानांत भाषेबरोबरच शिरत असे. लग्नानंतर नेरला त्यांनी पन्नास वर्षे गुरुवारचे भजन चालवले. एके काळी पंचवीस बायका असत, आता पाच उरल्या आहेत. सुना कामावर जातात, मुली शहरात असतात आणि देवळात ध्वनिमुद्रित भजने मोठ्या आवाजात लावलेली असतात. त्या आवाजापुढे पाच म्हाताऱ्यांचा गळा लागणार कसा? डाव्या कानाने त्यांना कमी ऐकू येते, हे त्यांनी घरच्यांपासून बरेच दिवस लपवले. बहुधा भजन सुटेल या भीतीने.

बैठकीत मी त्यांना पहिल्या ओळीत, उजवा कान गायकाकडे येईल अशी बसवली. दोन तंबोरे जुळवायला पंधरा मिनिटे लागली. यजमान अस्वस्थ झाले होते, सासूबाई मुळीच नाहीत. खंजिरीचे चामडे तापवून ठिकाणावर आणण्यात अर्धे आयुष्य गेलेल्या माणसाला जुळवणे हा गाण्याचाच भाग वाटतो.

गायकाने शुद्ध सारंगाने सुरुवात केली. दोन्ही मध्यम शेजारीशेजारी लागताना खोलीत जे काही होते, ते ध्वनिक्षेपक असता तर झाले असते असे मला वाटत नाही. यंत्र स्वराला मोठे करते. त्या दोन मध्यमांमधले अंतर मात्र लहानच राहिले पाहिजे. पुढे भीमपलास, आणि पावणेचारच्या सुमारास मुलतानी. या दोन रागांचा क्रम मोठा बोलका होता. दोघांच्याही आरोहात ऋषभ-धैवत वर्ज्य, दोघेही मंद्र निषादावरून उठतात, सांगाडा तोच. पण मुलतानीत निषाद शुद्ध होतो, मध्यम तीव्र होतो आणि उतरताना रिषभ-धैवत कोमल होऊन भेटतात. भातखंड्यांनी (१८६०–१९३६) मुलतानीला परमेलप्रवेशक म्हटले, म्हणजे एका थाटाच्या प्रदेशातून दुसऱ्यात नेणारा. पाठ्यपुस्तकातली ही संज्ञा मला नेहमी कोरडी वाटत आली आहे. त्या दिवशी खिडकीतले ऊन फरशीवरून भिंतीवर चढत असताना ती वाटली नाही.

इथे वसंतराव देशपांड्यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९२० साली आमच्या शेजारच्या मूर्तिजापुरात जन्मलेला हा माणूस नागपूरला शंकरराव सप्र्यांकडे शिकला आणि मारव्यासाठी लाहोरला असद अली खाँसाहेबांपर्यंत पोहोचला. वऱ्हाडातून गाण्याकडे जाणारी वाट पूर्वीपासून अशी लांबचीच आहे. जाणारे जातात; मागे राहणाऱ्यांनी काय ऐकायचे, याची चिंता सहसा कोणी केलेली दिसत नाही.

गाणे संपले, चहा आला. गायकाने अगदी आदराने सासूबाईंना विचारले, “आजी, कसं वाटलं?”

“चांगलं झालं बाप्पा,” त्या म्हणाल्या, “पन तुमी आमाले म्हनू नाई देलं.”

लोक हसले. गायक हसला नाही. त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि त्या काय म्हणतात, हे विचारले. मग भजनाच्या धृपदावर सगळ्यांनी कसे यायचे असते, एकीचा श्वास संपला की दुसरीने कसे उचलायचे असते, हे त्यांनी त्याला समजावून सांगितले.

मला हायडनच्या काळातल्या युरोपातले चौघांचे वादन आठवले. तेही पुष्कळदा घरगुती, हौशी वादकांनी स्वतःच्याच आनंदासाठी केलेले असे. समोर श्रोता असलाच पाहिजे असा दंडक नव्हता. तिकीट काढून शांत बसणारा श्रोता हा सभागृहांबरोबर वाढला. त्या हिशेबाने पाहिले तर अमरावतीच्या त्या घरात आम्ही ऐकले ती छोटी सभा होती. बैठक म्हणायची, तर सासूबाईंच्या गुरुवारच्या भजनाला म्हणावे लागेल. मी स्वतः ख्यालाच्या बाजूची आहे. सगळ्यांनी म्हणायचे ठरले तर मुलतानीचा तो उतरता कोमल रिषभ कोणाच्याच हाती लागणार नाही. त्यासाठी एकाने वीस वर्षे घालवावी लागतात आणि बाकीच्यांनी गप्प बसावे लागते. हे मी परतीच्या बसमध्ये त्यांना सांगूनही पाहिले. त्यांनी ऐकून घेतले.

“तो शिकेल हाय,” त्या म्हणाल्या. “पन त्याच्या घरी त्याच्या संगं कोन म्हनते?”

नांदगावाशी बस थांबली तेव्हा अंधार पडला होता. त्यांनी पिशवीतून दोन दशम्या काढल्या, एक मला दिली. मग गुरुवारी भजन देवळात न करता आपल्या घरच्या बैठकीत करायचे ठरवले असून खुर्च्या मागच्या खोलीत हलवाव्या लागतील, असे त्यांनी मला सांगितले.